मंगळवारचं विमान

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ आमची वेळ कधीच दाखवत नाही. ते जागतिक वेळ दाखवतं, म्हणजे ज्या वेळेप्रमाणे जगभरची हवामान केंद्रं आपापल्या नोंदी करतात ती. बाबा हवामान खात्याच्या संदेशकक्षात होते आणि खात्याची ही सवय त्यांनी घरी आणली. घड्याळ बघून त्यात काही तास मिळवायचे असतात, सगळेच तसं करतात, असं मी बरीच मोठी होईपर्यंत मला वाटत होतं. पाहुणे भिंतीकडे बघून ‘अरे, अजून सकाळच आहे की’ म्हणत ऐसपैस बसायचे, आणि आई आतून म्हणायची, "बसा, बसा. या घरात दुपार जरा उशिराच होते."

बाबांचं काम कानाचं होतं. दूरदूरची केंद्रं रेडिओवरून आकडे सांगायची; बाबा हेडफोन लावून ते उतरवून घ्यायचे आणि पुढे पाठवायचे. त्यात महासागराच्या मधोमध असलेल्या एका बेटावरचं केंद्र होतं. त्याचा क्रमांक एक्क्याण्णवने सुरू व्हायचा, म्हणून तिथल्या निरीक्षकाचं आमच्या घरात नावच एक्क्याण्णव पडलं. बाबांनी तो आवाज अर्धं आयुष्य ऐकला, पण तो आवाज आकड्यांशिवाय काही बोलला नाही.

"तुमचे एक्क्याण्णव आज काय म्हणाले?" आई विचारायची.

"ढग निम्मे. समुद्र मध्यम."

"म्हणजे मजेत आहेत."

बाबा निवृत्त झाल्यावर त्यांची आणि एक्क्याण्णवची ईमेल सुरू झाली. तीही तारेसारखी तुटक. या वर्षी त्यातली एक आली ती अशी: केंद्र आता स्वयंचलित होणार, निरीक्षकाची गरज उरणार नाही, जुनी पेटी काढून टाकणार, मी बेट सोडतोय. बाबांनी ती दोनदा वाचली, पावाचा तुकडा चहात बुडवला, तो तिथेच विरघळू दिला आणि म्हणाले, "मला तिथे जायचंय."

बाबा तोवर कधी विमानात बसले नव्हते.

त्यांना बेट बघायचं नव्हतं. त्यांना ती पेटी बघायची होती. हवामान केंद्रावर झडपांची एक पांढरी लाकडी पेटी असते, कमरेपेक्षा जरा उंच पायांवर उभी. आत दोन तापमापक, एक कोरडा आणि एक ओलं फडकं गुंडाळलेला. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून हवेत ओल किती ते कळतं. एक्क्याण्णवच्या सकाळच्या नोंदीत ही ओल मधूनच उसळी मारायची. आदल्या नोंदीत काही नाही, पुढच्या नोंदीत काही नाही, शेजारच्या कुठल्याच बेटावर काही नाही. फक्त तेवढ्या सकाळी हवा एकदम ओली. बाबांच्या साहेबांनी फर्मान काढलं की अशा प्रत्येक आकड्यापुढे ‘संशयास्पद’ची खूण करायची. ती खूण करायचं काम अर्थातच बाबांचं.

एकदा त्यांनी नियम मोडून रेडिओवर विचारलं होतं, "आकडा पुन्हा बघणार का?" पलीकडून उत्तर आलं, "जे दिसतं तेच वाचतो." मग पुढचा आकडा. त्यानंतर बाबांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

"खोटं लिहिणारा माणूस आकडे गुळगुळीत करतो गं," ते मला म्हणाले. "हा इतकी वर्षं मला खडबडीत आकडे पाठवतोय. पेटी काढली की संपलं. मग ती खूण कायमची."

मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच पाणी तपासणीच्या एका प्रयोगशाळेत लागले होते. दिवसभर दुसऱ्यांच्या विहिरींचं पाणी नळ्यांत भरायचं आणि त्याचा रंग बघायचा. एखादा आकडा विचित्र आला की नियमाप्रमाणे नमुना फेकून नवा घ्यायचा. मला मात्र तो फेकलेलाच नमुना आठवत राहायचा. त्यामुळे बाबांना सोबत कोण जाणार, हा प्रश्न घरात फार वेळ टिकला नाही. शिवाय हेडफोनने त्यांचा उजवा कान जवळजवळ निकामी केला होता. विमानतळावरच्या घोषणा त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं.

तिकिटं काढतो आमचा मामा. त्याचं ऑफिस चपलांच्या दुकानावर आहे, त्यामुळे तिथे परदेशप्रवासाला नव्या चामड्याचा वास येतो. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा, आणि त्यावर खिळा ठोकून लटकवलेलं कॅलेंडर, कारण महासागराच्या जागी तसंही काही नसतं, असं त्याचं मत. आम्ही बेट दाखव म्हणालो तेव्हा त्याला कॅलेंडर उचलून धरावं लागलं.

"दाजी, लोक समुद्रकिनारा बघायला जातात. तुम्ही पेटी बघायला?"

"पेटीच्या आत बघायला," बाबा म्हणाले.

"आत काय आहे?"

"दोन तापमापक."

मामाने माझ्याकडे बघितलं. "ताईला माहीत आहे का हे?"

"आईनेच पाठवलंय," मी म्हणाले. "ती म्हणाली, त्या माणसाला एकदा बघून या, म्हणजे जेवताना त्याचा विषय बंद होईल."

मामाच्या संगणकाला ते बेट ठाऊकच नव्हतं. नाव टाकलं की तो ‘तुम्हाला हे म्हणायचं आहे का?’ असं विचारून भलत्याच शहरातली हॉटेलं दाखवायचा. शेवटी मी खुर्ची ओढून घेतली. मला सरळ दिसत होतं की घरापासून सुरुवात करून उपयोग नाही. आधी सगळ्यात दुर्मिळ विमान पकडायचं आणि तिथून मागे मागे घरापर्यंत यायचं. सगळ्यात दुर्मिळ ते शेवटचं: मोठ्या बेटावरून आमच्या बेटावर आठवड्यातून एकदाच जाणारं लहान विमान. ते संध्याकाळी पोहोचतं, रात्री तिथेच मुक्काम करतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत निघतं. त्याचं वेळापत्रक कुठेच छापलेलं नव्हतं. ते कळवलं एक्क्याण्णवने, नेहमीसारखं दोन वाक्यांत: ‘मंगळवारचं विमान पकडा. दोघांच्या जागा सांगून ठेवल्या आहेत.’

तो स्वतः पुढच्या आठवड्यात याच विमानाच्या परतीच्या फेरीने निघणार होता. म्हणजे आमचं हे विमान चुकलं तर पुढच्या विमानाने आम्ही संध्याकाळी पोहोचणार, आणि पहाटे, सकाळच्या नोंदीच्या आधीच, तो पेटीतले तापमापक बॅगेत घालून निघून जाणार. धावपट्टीवर हात हलवण्यापुरती भेट.

मंगळवार पक्का धरून मी मागे येत गेले. मोठ्या बेटावर सोमवारी रात्रीपर्यंत पोहोचायला हवं. त्याआधी मधल्या शहरात विमान बदलायचं. त्याआधी ते अर्धं जग ओलांडणारं लांबच लांब उड्डाण. त्याआधी आमच्या राजधानीच्या विमानतळापर्यंतची फेरी. प्रत्येक ठिकाणी मी हातात भरपूर वेळ ठेवला.

"त्या तारखेच्या रेषेपलीकडे गेलं की माणूस एक दिवस तरुण होतो म्हणे," मामा तिकिटं छापता छापता म्हणाला.

"तारखेने होतो. गुडघ्यांना पत्ता लागत नाही."

"भाचीबाई, तुझ्याशी लग्न करणाऱ्याची मला आत्तापासून काळजी वाटते."

घरी येऊन मी सगळ्या प्रवासाचा तक्ता केला आणि कपाटाच्या दाराला चिकटवला. बाबांच्या आग्रहाखातर तो जागतिक वेळेत होता. प्रत्येक तिकिटावरची स्थानिक वेळ मी बदलून लिहिली आणि दोनदा तपासली. तक्ता छान दिसत होता. आई येता-जाता तो वाचायची आणि म्हणायची, "यात जेवायचं कुठे लिहिलंय?"

निघायला काही दिवस होते. त्या काळात मी खात्याच्या संकेतस्थळावरून एक्क्याण्णवचे जुने आकडे उतरवून घेतले. खुणा केलेले सगळे एका रेषेवर मांडले. वर्षानुवर्षांचे काटे उभे राहिले, आणि त्यांच्यातलं अंतर मोजलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच.

"बाबा, हे सात दिवसांनी येतंय."

"काय?"

"उसळी. दर आठवड्याला नाही, मध्ये मोकळे आठवडे आहेत. पण येते तेव्हा एकाच वारी. मंगळवारी सकाळी. कायम मंगळवारी."

बाबा चष्मा लावून पडद्याजवळ वाकले. निसर्गाला आठवडा माहीत नसतो. भरतीला चंद्र कळतो, ऋतूंना सूर्य कळतो, पण सोमवार-मंगळवार हा माणसांनी आपापसात ठरवलेला मामला आहे. समुद्राला तो कोणी कळवलेला नाही. सात दिवसांनी येणारी ओल ढगातून आलेली असणं शक्य नव्हतं. ती कोणीतरी आणत होतं.

"मंगळवारी आंघोळ करत असतील एक्क्याण्णव," आई म्हणाली.

"मला आधी विमानाचा संशय आला होता," मी म्हणाले. "ते पण मंगळवारीच असतं. पण ते संध्याकाळी येतं आणि उसळी सकाळची. कारण परिणामाच्या नंतर कसं येईल?"

"येतं की. यांना चहा आधी मिळतो आणि कारण नंतर सुचतं."

बाबा हसले नाहीत. ते पडद्यावरच्या काट्यांवरून बोट फिरवत होते. "प्रत्यक्ष बघितल्याशिवाय नाही कळायचं," ते म्हणाले. मला वाटतं, तोपर्यंत त्यांना फक्त तो माणूस खरा आहे एवढंच बघायचं होतं. त्या संध्याकाळपासून त्यांना उत्तर हवं झालं.

मग मोठ्या बेटावरच्या विमानतळ कार्यालयातल्या बाईंची मेल आली. लहान विमानात वजनावरून माणसांना बसवतात, तेव्हा दोघांचं वजन कळवा. ‘अंगावरच्या कपड्यांसकट, हातातल्या सामानासकट, आणि खरं. मनातलं नको.’

आम्ही न्हाणीघरातला काटा बाहेर आणला. बाबा बॅग पोटाशी धरून त्यावर उभे राहिले. त्यांना खाली आकडा दिसेना, कारण मध्ये बॅग. मला दिसेना, कारण मध्ये बाबा.

"बॅगेत काय भरलंय एवढं?" मी विचारलं.

"माझे स्वतःचे दोन तापमापक. आणि तुझ्या आईने घातलेला स्वेटर."

"समुद्रावर वारा असतो," आई म्हणाली.

"उबदार समुद्र आहे तो."

"वारा तो वाराच. श्वास सोडा आधी, काटा स्थिर होऊ दे."

"अगं, श्वास सोडून वजन कमी होत नाही!"

आकडे लिहून घेऊन मी उत्तर द्यायला बसले, तेव्हा त्या मेलची शेवटची ओळ नीट वाचली. ‘विमान सोमवारी दुपारी तीनला सुटेल. दोनपर्यंत या.’

बाईंनी वार चुकवला, असं मला वाटलं. नम्रपणे तसं लिहिलं. तासाभरात उत्तर आलं: ‘विमान सोमवारचंच असतं, माझ्या आजीपासून. मंगळवारचं असं फक्त तुमचे निरीक्षक म्हणतात. आम्ही सगळे त्यांना त्यावरून हसतो. तुमचं तिकीट बघितलं. तुम्ही सोमवारी रात्री उतरताय. पुढच्या सोमवारपर्यंत राहायची सोय करू का?’

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

एक्क्याण्णव जागतिक वेळेत राहत होता. केंद्रावरची त्याची प्रत्येक नोंद त्या वेळेप्रमाणे, दिवससुद्धा त्या वेळेप्रमाणे बदलणारा. तिथे सोमवारची दुपार झाली की त्याच्या नोंदीत मंगळवार उजाडतो. बेटावरचे लोक ज्याला सोमवारचं विमान म्हणतात, ते त्याच्यासाठी कायम मंगळवारचं. आणि मी, तक्त्यातली एकन् एक वेळ बदलून घेणारी, हा एकच वार होता तसा उचलला होता. विमानाची वेळ कोणी सांगतो तेव्हा ती तिथलीच असते, असं मी गृहीत धरलं. ते कोणासाठीही बरोबर असतं. एक्क्याण्णवसाठी नाही.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाटावरच्या तक्त्यातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "मला कळायला हवं होतं," ते म्हणाले. "माझं तर सगळं आयुष्य त्याच मंगळवारात गेलं."

आई शिवणयंत्रावर पडदे शिवत होती. तिने पाय थांबवला. "तिघांचं मिळून एक घड्याळ, आणि तेही चुकलं," ती म्हणाली, मग बाबांचा चेहरा बघून उठली. "अहो, बसू नका असे. उठा. भाऊ अजून ऑफिसात असेल."

मामा शटर ओढायच्याच बेतात होता. गोष्ट ऐकून तो एकदाही हसला नाही, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं. त्याने संगणक पुन्हा चालू केला. आम्ही एकेक जोडणी तपासत गेलो. सोमवारी दुपारी दोनच्या आत मोठ्या बेटावर उतरवणारं एकच विमान होतं. ते गाठायचं तर मधल्या शहरात एका विमानातून दुसऱ्यात जायला जेमतेम पाऊण तास. घरून निघायचं एक दिवस अगोदर, म्हणजे परवा पहाटे. आणि त्यात जागा शिल्लक होती एक.

"एकच?" मी विचारलं.

"एकच. दुसरी हवी तर रात्री पोहोचा."

बाबांनी चष्मा पुसला. "मग ही जाईल," ते म्हणाले. "हिचे डोळे चांगले, कान चांगले. मला पाऊण तासात ते जमायचं नाही. तू जा आणि बघून मला सांग."

मला जायचं होतं. खूप जायचं होतं. त्या सात दिवसांचं उत्तर दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

"दाजी," मामा म्हणाला, "पोरगी जाऊन आकडा बघेल. तिला तो दिसेलही. पण त्या माणसासमोर उभं राहायला तुम्ही पाहिजेत. ती खूण हिने केली नव्हती."

बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता हे चिडणार. "काढ माझ्या नावाने," ते म्हणाले.

एका दिवसात मी त्यांना विमानतळ शिकवला. मुख्य धडा असा: काहीही ऐकायचं नाही, फक्त फलक वाचायचे. मामा तोंडावर रुमाल धरून अगम्य घोषणा करायचा, बाबांनी त्याच्याकडे पूर्ण दुर्लक्ष करून मी कपाटावर लावलेल्या कागदावरून आपला दरवाजा शोधायचा. आई तपासणी अधिकारी झाली. "पट्टा काढा. बूट काढा. घड्याळ काढा. हे तापमापक कशाला? कोण आजारी आहे?"

"हवा," बाबा म्हणाले.

"हे उत्तर तिथे देऊ नका. आत टाकतील."

तक्ता मी नव्याने लिहिला, या वेळी प्रत्येक ओळीत तिथली वेळ आणि तिथला वार. लिहिता लिहिता शेवटच्या ओळीवर हात थांबला. विमान सोमवारी संध्याकाळी पोहोचतं. पहाटे परत जातं. आणि उसळी मंगळवारी सकाळी येते; सकाळी बेटाचा आणि नोंदीचा वार एकच असतो. जी उसळी आम्ही विमानाच्या आधीची समजत होतो ती नंतरची होती! वार सुधारल्याबरोबर कारण आपण होऊन परिणामाच्या पुढे येऊन उभं राहिलं. विमान काहीतरी आणत होतं किंवा काहीतरी घेऊन जात होतं, आणि त्यामुळे दुसऱ्या सकाळी हवा ओली होत होती. काय, ते मला मुळीच सुचेना.

विमानतळावर बाबांना निरोप देताना मी एवढंच सांगितलं, "पोहोचल्याच्या दुसऱ्या सकाळीच बघा. त्या आठवड्यातली तेवढी एकच संधी आहे. आणि पेटीच्या आत नका बघू. पेटीच्या भोवती बघा."

"डाव्या कानात सांग," ते म्हणाले. मी डाव्या कानात पुन्हा सांगितलं.

मग आम्ही वाट बघत बसलो. मधल्या शहरातून निरोप आला: ‘मिळालं. दार लावत होते. माझ्यासोबत एक बाई पळत होती, ती तर बहिरी नव्हती, तरी तिचं चुकत होतं.’ मोठ्या बेटावरून: ‘इथे पुन्हा वजन केलं. स्वेटरमुळे जास्त भरलं. वैमानिकाशेजारी बसवताहेत.’ आणि मग काही नाही. आईने सगळे पडदे शिवून संपवले आणि न मागितलेली एक उशीची खोळ शिवली. मी प्रयोगशाळेत एका विहिरीच्या पाण्याचा अहवाल दुसऱ्या विहिरीच्या नावाने लिहिला. साहेबांनी तो परत केला, आणि मला म्हणाले, बरं नसेल तर घरी जा.

मी घरीच होते तेव्हा फोन वाजला. उपग्रहाचा फोन, केंद्रावरचा. बोललेलं पोहोचायला वेळ लागायचा, त्यामुळे आमची वाक्यं मध्येच एकमेकांवर आपटत होती.

"बाबा! भेटले का? कसे आहेत?"

"...बोलका!" बाबा ओरडले. "अगं, थांबतच नाही! काल धावपट्टीवर उतरल्यापासून बोलतोय. इतकी वर्षं मला हा मुका वाटत होता. तो म्हणतो, आकड्यांशिवाय बोलायची परवानगीच कुठे होती!"

"आणि ओल?"

हा प्रश्न समुद्र ओलांडून जायला वेळ लागला.

"चादरी," बाबा म्हणाले.

"काय?"

"चादरी! अगं, या अख्ख्या बेटावर एकच कुंपण आहे. केंद्राचं. शेळ्या पेटीला शिंगं घासतात म्हणून घातलेलं. बाकी कोणाच्या घराला कुंपण नाही. केंद्राच्या शेजारी एक बाई पाहुण्यांच्या खोल्या चालवते. विमान पहाटे पाहुणे घेऊन जातं, ती लगेच त्यांच्या चादरी धुते आणि पिळून आमच्या कुंपणावर वाळत घालते. वारा येतो त्याच बाजूला. पाहुणे नसले त्या आठवड्यात चादरी नाहीत. आज सकाळी नोंदीच्या वेळी आम्ही पेटीपाशी गेलो, तर पेटी दिसेचना, सगळीकडे चादरी!"

आई माझ्या खांद्यावरून कान लावून ऐकत होती. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"नक्की तेच आहे का पण?" मी विचारलं. "बाबा, नुसतं दिसलं म्हणजे..."

"...मी माझे तापमापक घेऊन चादरींच्या पलीकडे उभा राहिलो, वाऱ्याच्या बाजूला. तो पेटीशी. पलीकडे हवा नेहमीची, पेटीत ओली. मग आम्ही दोघांनी चादरी उचलून धरल्या आणि लांब नेल्या. जड असतात गं ओल्या. थोड्या वेळाने पेटीतली ओल उतरली. पुन्हा आणून घातल्या, चढली."

"आणि त्या बाई?"

"ती धावत आली ना! तिला वाटलं दोन म्हातारे चादरी चोरताहेत. तिला सगळं समजावून सांगितलं, किती वर्षं, किती आकडे, किती खुणा. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग मला सांगायचं की, मी दोरी बांधली असती."

मी हसले, आणि मग हसू येईनासं झालं. "त्यांना कधी कळलं नाही? रोज तिथे असून?"

"मी विचारलं. तो म्हणाला, नोंदीत चादरीला रकाना नाही. वारा, ढग, ओल, समुद्र. चादरी तो बघायचाच, पण त्या बाईच्या होत्या, हवामानाच्या नव्हत्या." बाबांचा आवाज जरा खाली आला. "मग त्याने विचारलं, ती खूण कोण करायचं. मी सांगितलं, मी."

"मग?"

फोनचा उशीर किती आणि बाबांचा किती, ते मला सांगता येत नव्हतं.

"मग त्याने मला पेटी उघडून दिली. म्हणाला, दुपारची नोंद तुम्ही घ्या. मी घेतली. सहीही माझीच आहे. आता तो त्या सगळ्या खुणांबद्दल खात्याला लिहायला बसलाय. मी सांगतोय आणि तो लिहितोय. म्हणजे तोच बोलतोय आणि तोच लिहितोय."

आईने माझ्या हातातून फोन घेतला. "अहो, स्वेटर घातला का?" तिने उत्तराची वाट बघितली, तोंड वाकडं केलं आणि फोन मला परत दिला. "शेळीच्या पिल्लाला घातलाय म्हणे."

बोलता बोलता मी तो आलेख पुन्हा उघडला होता. काटे, सात-सात दिवसांनी, मध्ये मोकळ्या जागा ठेवून. आता प्रत्येक काट्याच्या जागी मला कोणीतरी रात्र काढून गेलेलं दिसत होतं. मी आलेख मागे मागे सरकवत गेले, अगदी सुरुवातीच्या वर्षांपर्यंत.

"बाबा, त्या बाईंनी खोल्या कधी सुरू केल्या?"

त्यांनी साल सांगितलं. मी पडद्यावर ते शोधलं, आणि त्याच्या डावीकडे बघितलं.

"त्याच्या आधीही आहेत," मी म्हणाले. "उसळ्या. बारीक आहेत, पण आहेत. आणि त्या सात दिवसांनी येत नाहीत. खोल्याच नव्हत्या, तर तेव्हा कुंपणावर काय होतं?"

समुद्रावरून प्रश्न गेला. पलीकडे बाबा कोणालातरी काही म्हणाले, आणि तो अनोळखी आवाज मोठ्याने, उत्साहाने काहीतरी सांगू लागला.

"थांब," बाबा म्हणाले. "याला आठवत नाहीये. तिलाच विचारतो."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग दार उघडल्याचा. आणि मग दोन म्हातारे एकाच वेळी बोलत, एकमेकांचं न ऐकता, दूर दूर जात असल्याचा.